कार्डावरची चोरी : अमेरिकेचे केंद्रीय पोलीस ती कशी पकडतात

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटल नावाचे शहर आहे. तेथे 'ब्रॉडवे ग्रिल' नावाचे एक रेस्टॉरंट होते. फार मोठे नाही, परंतु नेहमीच्या गिऱ्हाइकांचे. २०१० साली अशी तक्रार सुरू झाली की, तेथे जेवून गेलेल्या माणसांच्या कार्डावर भलत्याच ठिकाणची खरेदी दिसू लागली आहे. तपास झाला तेव्हा कळले की, ज्या संगणकावर बिल फाडले जाई आणि कार्ड घासले जाई, त्यातच कुणीतरी एक गुप्त प्रोग्राम सोडला होता. जवळपास अकरा महिन्यांत ३२ हजारांच्या वर कार्डांचे क्रमांक तेथून चोरीला गेले. मालकाने कुणाला लुबाडले नव्हते, नोकरानेही नाही. तरी बदनामी दुकानाची झाली, गिऱ्हाईक तुटले आणि शेवटी मालकाला दिवाळे काढावे लागले.

आमच्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांना वाटते की, कार्डाची चोरी म्हणजे बँकेचे आणि कार्डवाल्याचे दुखणे. कित्येकजण तर स्वतः क्रेडिट कार्ड वापरतच नाहीत, कारण त्यावरील व्याजाचा प्रश्न. ते योग्यच आहे. पण गल्ल्यावर येणारे गिऱ्हाईक कार्ड काढते, मोबाईल काढते, आणि मशीन तर आता अत्ताराच्या दुकानापासून बागवानाच्या गाळ्यापर्यंत पोहोचले आहे. तेव्हा वरील रेस्टॉरंटवाल्याची गोष्ट आपल्याही कामाची आहे. त्याच्या दुकानात हात घालणारा चोर हजारो मैलांवर बसला होता. तो कसा सापडला, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत.

प्रथम अमेरिकेतील पोलिसांची रचना थोडक्यात. तेथे शहराचे पोलीस वेगळे, राज्याचे वेगळे आणि साऱ्या देशाचे म्हणजे केंद्राचे वेगळे. खून, मारामारी, दुकानफोडी हे सर्वसाधारणपणे शहराचे आणि राज्याचे काम. केंद्राचे पोलीस केव्हा हात घालू शकतात? गुन्हा केंद्राच्या कायद्यात बसला तरच. म्हणून त्यांच्या संसदेने फसवणुकीला पकडण्यासाठी एक युक्ती केली. फसवणुकीत टपालाचा उपयोग झाला तर तो केंद्रीय गुन्हा, हे १८७२ साली ठरले. तार, टेलिफोन अशा साधनांनी राज्याच्या हद्दीबाहेर संदेश गेला तर तोही केंद्रीय गुन्हा, हे १९५२ साली. आज प्रत्येक ई-मेल आणि कार्डाचा प्रत्येक व्यवहार कुठल्यातरी तारेवरून हद्द ओलांडतो, त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीचा तो कायदा आजच्या ठगालाही पुरतो.

खास कार्डाचा कायदा १९८४ साली आला. खोटे किंवा चोरलेले कार्ड, त्याचा क्रमांक, ते बनविण्याचे यंत्र जवळ बाळगणे, हे सर्व त्यात आले. २००४ साली आणखी एक कलम आले : असा गुन्हा करताना दुसऱ्याची ओळख वापरली तर मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षे कैद. ही दोन वर्षे न्यायाधीशालाही कमी करता येत नाहीत. आरोपी कबुलीजबाबाला तयार होतो त्यामागे पुष्कळदा हे कलम असते, असे आमचे मत आहे.

हे काम पाहणाऱ्या खात्यांपैकी एकाचे नाव वाचून वाचकांना नवल वाटेल. ते म्हणजे सिक्रेट सर्व्हिस. राष्ट्राध्यक्षांच्या मागेपुढे काळा चष्मा लावून चालणारे ते हेच लोक. वास्तविक हे खाते १८६५ साली निघाले ते खोट्या नोटा पकडण्यासाठी. यादवी युद्ध नुकतेच संपले होते आणि बाजारातील नोटांपैकी एक तृतीयांश नोटा खोट्या असल्याचा अंदाज होता. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाचे काम त्यांच्याकडे आले ते १९०१ साली मॅकिन्ली यांचा खून झाल्यानंतर. खोटी नोट आणि खोटे कार्ड ही एकाच जातीची लबाडी, म्हणून १९८४ साली कार्डाचा तपासही त्यांच्याकडे आला. २००३ पर्यंत हे खाते तिजोरीखात्याच्या हाताखाली होते, त्यानंतर गृहसुरक्षा खात्यात गेले. त्याशिवाय एफ.बी.आय. आहे आणि टपाल खात्याचे स्वतःचे तपासनीस आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चोरी कोठून झाली, हे कसे कळते? समजा मुंबईत शंभर माणसांच्या कार्डाचा गैरवापर झाला. कुणी भायखळ्याचा, कुणी ठाण्याचा, बँकाही निरनिराळ्या. बँका काय करतात, तर या शंभर कार्डांचा गेल्या काही महिन्यांचा हिशेब समोर ठेवतात आणि सर्वांत समान असलेले एक दुकान शोधतात. सगळ्यांनी एकाच हॉटेलात जेवण केले असेल तर बोट त्या हॉटेलकडे जाते. ही साधी जमाखर्चाची पद्धत आहे, पण गुन्ह्याचे मूळ बहुधा हिच्यातूनच सापडते. मग तपास अधिकारी दुकानात येतात, संगणकाची हुबेहूब नक्कल उतरवून घेतात आणि चोरलेली माहिती बाहेर कोठे पाठविली जात होती ते पाहतात.

सिएटलच्या प्रकरणात ही माहिती अनेक ठिकाणी जात होती. त्यातला एक संगणक खुद्द अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात भाड्याने घेतलेला होता. चोराची ही मोठी चूक. परदेशातील यंत्र तपासायचे तर त्या देशाच्या सरकारच्या विनवण्या कराव्या लागतात, आपल्या देशातल्या यंत्रासाठी न्यायाधीशाचा हुकूम पुरतो. ज्या ई-मेल पत्त्यांवरून ही यंत्रे भाड्याने घेतली होती, त्यांच्या पेट्याही न्यायालयाच्या हुकुमाने उघडल्या गेल्या. आत चोरीचा हिशेब होताच, शिवाय घरगुती गोष्टीही होत्या. फुले पाठविण्याची एक ऑर्डर होती. ती ज्या बाईसाठी होती, ती या माणसाची बायको. टोपणनावामागचा माणूस असा बायकोला पाठविलेल्या फुलांमुळे उघडा पडला.

तो रशियाच्या व्लादिवोस्तोकचा रोमान सेलेझ्न्योव्ह. बाप रशियाच्या संसदेचा सभासद. संगणकाच्या जगात हा वेगवेगळी नावे घेऊन वावरत असे. त्यातले एक नाव होते 'ट्रॅक टू'. कार्डाच्या पाठीवर जी काळी पट्टी असते तिच्यात माहितीच्या ओळी असतात, त्यातील दुसऱ्या ओळीला हे नाव आहे. तीत कार्डाचा क्रमांक आणि मुदत असते, आणि ती हाती आली की कोऱ्या कार्डावर उतरवून तसेच दुसरे कार्ड तयार करता येते. म्हणजे गड्याने आपल्या धंद्याची पाटीच नावात लावली होती. त्याची पद्धत अशी की, ज्या दुकानांच्या संगणकाला दुरुस्तीवाल्याने लांबून जोडता यावे म्हणून एक वाट उघडी ठेवलेली असते, अशी दुकाने तो शोधी. त्या वाटेचा पासवर्ड सोपा असला की काम झाले. मोठ्या बँकेच्या भिंती फोडण्यापेक्षा पिझ्झाच्या दुकानाचे मागचे दार सोपे, हा त्याचा हिशेब होता.

सिक्रेट सर्व्हिसला त्याचा संशय फार आधी आला होता. मे २००९ मध्ये त्यांचे अधिकारी मॉस्कोला गेले आणि रशियाच्या सुरक्षा खात्याला त्यांनी आपल्याकडील माहिती दिली. महिनाभराच्या आत त्याने आपले जुने टोपणनाव बंद केल्याचे जाहीर केले आणि पुढे नवे घेतले. बातमी कोठून फुटली असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे. त्यानंतर अमेरिकेने रशियाला विचारणे सोडले. २०११ मध्ये त्याच्यावर गुप्तपणे आरोपपत्र ठेवण्यात आले, म्हणजे न्यायालयात कागद तयार, पण बाहेर कुणाला पत्ता नाही. आरोपी गाफील राहून परदेशी फिरायला निघावा, ही त्यातली युक्ती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोरोक्कोच्या मराकेश शहरातील एका कॅफेत बॉम्बस्फोट झाला. त्यात तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. धंदा मात्र सुटला नाही.

जुलै २०१४ मध्ये तो सहकुटुंब मालदीवला सुटीसाठी गेला. मालदीव आणि अमेरिका यांच्यात आरोपी सोपविण्याचा करार नाही. तरीही माले विमानतळावर मालदीव सरकारने त्याला देशाबाहेर काढून अमेरिकन अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले आणि त्याला विमानाने ग्वाम बेटावर नेण्यात आले. रशियाने याला अपहरण म्हटले. अमेरिकन न्यायालयाने तो आक्षेप मानला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार निष्कलंक होता असे आम्ही म्हणणार नाही. बलाढ्य देश छोट्या देशाच्या विमानतळावर काय करवून घेऊ शकतो, याचा हा नमुना आहे. परंतु त्याच्याजवळच्या संगणकात चोरलेल्या कार्डांचे १७ लाखांच्या वर क्रमांक निघाले, हेही तितकेच खरे. त्या संगणकाचा पासवर्ड अधिकाऱ्यांनी अंदाजाने ओळखला, कारण इतर ठिकाणीही त्याने तोच वापरला होता. दुसऱ्यांच्या सोप्या पासवर्डवर पोट भरणारा माणूस आपल्याच सोप्या पासवर्डने बुडाला.

२०१६ मध्ये पंचांनी त्याला ३८ कलमांखाली दोषी ठरविले आणि एप्रिल २०१७ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली. ३,७०० बँका व वित्तसंस्थांचे मिळून १६ कोटी ९० लाख डॉलरच्या वर नुकसान झाल्याचे न्यायालयात दाखविले गेले.

आता दुसरी बाजू. अशा टोळ्यांत शिरण्यासाठी केंद्रीय पोलीस खबऱ्यांवर फार अवलंबून असतात आणि खबऱ्या हा दुधारी सुरा असतो. २००३ मध्ये अल्बर्ट गोन्झालेझ नावाचा तरुण न्यूयॉर्कमध्ये एकामागून एक खोटी कार्डे घालून यंत्रातून पैसे काढताना सापडला. सिक्रेट सर्व्हिसने त्याला तुरुंगात न टाकता आपला खबऱ्या केले. त्याच्या मदतीने 'शॅडोक्रू' या चोरबाजारावर जाळे टाकण्यात आले. चोरलेली कार्डे आणि खोटी ओळखपत्रे विकणारे सुमारे चार हजार सभासद त्यात होते. ऑक्टोबर २००४ मध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणी धाडी पडल्या आणि २८ जण पकडले गेले. खात्याची मोठी वाहवा झाली. पुढे काय निघाले? हाच खबऱ्या खात्याकडून पगार घेत असतानाच टी.जे.एक्स. या मोठ्या दुकानसाखळीतून कोट्यवधी कार्डांचे क्रमांक चोरत होता. २००८ मध्ये त्याला पुन्हा अटक झाली आणि २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा. पोलिसांनी पोसलेला मांजर दूध पिऊन गेला, असाच हा प्रकार.

चोर पकडणे एक, आणि गेलेला पैसा अडविणे दुसरे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुसरे अधिक महत्त्वाचे. एफ.बी.आय.ने २००० साली इंटरनेटवरील फसवणुकीच्या तक्रारींसाठी एक केंद्र उघडले. २०२३ मध्ये तेथे ८ लाख ८० हजारांवर तक्रारी आल्या आणि नुकसानीचा आकडा १२५० कोटी डॉलर इतका होता. त्यापैकी २९० कोटी डॉलर एकाच प्रकारचे : व्यापाऱ्याच्या ई-मेलमध्ये शिरायचे, चालू असलेला सौदा वाचत बसायचे आणि पैसे देण्याच्या दिवशी 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असे पत्र पाठवायचे. माल परदेशी पाठविणाऱ्या, परदेशातून मागविणाऱ्या बांधवांनी हे नीट वाचावे. ना कार्ड, ना मशीन, नुसते एक पत्र. असे पत्र आले तर त्याच पत्राला उत्तर देऊ नये, जुन्या ओळखीच्या क्रमांकावर फोन करून समोरच्याचा आवाज ऐकावा.

यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये या केंद्रात एक पथक नेमले गेले. तक्रार आली की ते थेट ज्या बँकेत पैसा गेला तिला कळविते आणि रक्कम गोठविली जाते. २०२३ मध्ये या पथकाने हाती घेतलेल्या प्रकरणांत सुमारे ७१ टक्के रक्कम अडविता आली. अट एकच, तक्रार तासा-दोन तासांत किंवा दिवसभरात आली पाहिजे. लाजेपोटी आठवडा घालविला की पैसा चार बँका पार करून गेलेला असतो.

पैशाच्या या पहाऱ्याचा जाच निरपराधांनाही होतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने बँकांना दहा हजार डॉलरच्या वरील रोख व्यवहार सरकारला कळवावे लागतात. संशयास्पद व्यवहार वेगळे कळवावे लागतात. २००१ नंतर हा फास आणखी आवळला गेला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सोमाली मुसलमानांची 'अल-बरकात' ही पैसे पाठविण्याची पेढी दहशतवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून अमेरिकेत बंद पाडण्यात आली. टॅक्सी चालवून, कारखान्यात राबून सोमालियातील आईबापांना चार डॉलर पाठविणाऱ्यांचा तो मार्ग होता. पुढे ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाच्या तपासनिसांनीच २००४ मध्ये नमूद केले की, या आरोपाला पुरावा मिळाला नाही. ठग पकडण्याचे हत्यार आणि एका समाजाकडे संशयाने पाहण्याची नजर एकत्र आली की असे होते.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध आहे, आणि तो अभिमानाचा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापे घातले. तेथील मुले-मुली अमेरिकन नागरिकांना फोन करून, 'आम्ही आयकर खात्याचे अधिकारी, तुमचा कर थकला आहे, आता अटक होईल' असे धमकावून पैसे उकळीत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच प्रकारच्या फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती व संस्थांवर खटला जाहीर केला. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटर होती. २०१८ मध्ये अमेरिकेत राहून या टोळीचा पैसा फिरविणाऱ्या २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना २० वर्षांपर्यंत. फोनवर बसलेल्या पोरांना महिना पंधरा-वीस हजारांची नोकरी मिळाली म्हणून घरचे खूश होते. पगार कोणाच्या म्हातारपणाच्या पुंजीतून येतो, हे विचारण्याचे काम त्यांच्या घरच्यांचेही होते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरणही आठवावे. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या यंत्रणेत शिरून, खोट्या कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढून आणि शिवाय परदेशी खात्यात रक्कम वळवून एकूण ९४ कोटी रुपये लांबविले गेले. ही रीत नवी नव्हती. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील अटलांटाच्या एका कार्ड कंपनीतून अशाच तऱ्हेने काही तासांत ९० लाखांच्या वर डॉलर २८० शहरांतून काढले गेले होते, आणि त्या लुटीतही पैसे काढविणाऱ्यांत वर सांगितलेला सेलेझ्न्योव्ह होता. त्याने ते २०१७ मध्ये कबूल केले.

आपल्याकडे आता या गुन्ह्यांसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि त्याचे काम वर सांगितलेल्या अमेरिकन पथकासारखेच चालते. तक्रार येताच पैसा ज्या ज्या खात्यात गेला तेथे तो अडविला जातो. यातच आमच्या छोट्या दुकानदारांची अडचण आहे. कुणी ठग चोरीच्या पैशातून तुमच्याकडे दोन हजारांच्या चपला घेतो, मोबाईलवरून पैसे देतो आणि निघून जातो. महिन्याने दूरच्या कुठल्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून तुमचे अख्खे खाते गोठते. कारागिरांची मजुरी अडते, मालाचा चेक परत जातो. केरळमध्ये २०२३ मध्ये अशी अनेक प्रकरणे घडली आणि तेथील उच्च न्यायालयाने बँकांना सांगितले की, पोलिसांनी जी रक्कम कळविली असेल तेवढीच अडवावी, सबंध खाते नव्हे. खाते अडलेल्या बांधवाने प्रथम बँकेकडून लेखी विचारून घ्यावे की, कोणत्या पोलीस ठाण्याची, कोणत्या क्रमांकाची तक्रार आहे आणि वादाची रक्कम किती. मग त्या दिवसाचे बिल, मालाची नोंद आणि खात्याचा उतारा जोडून त्या ठाण्याला व बँकेला अर्ज पाठवावा, पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे सांगितले जाते. बिल न फाडता विकलेल्या मालाबद्दल मात्र येथे काहीच दाखविता येत नाही. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, हे आपण जाणतोच.

मशीनच्या बाबतीत दोनच गोष्टी. कार्डावरील चीप वापरूनच व्यवहार करावा, काळी पट्टी घासू नये. आणि 'मशीन दुरुस्त करायला कंपनीकडून आलो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती, बँकेला फोन केल्याशिवाय ते देऊ नये. अमेरिकेत सिक्रेट सर्व्हिसचे लोक अलीकडे दुकानादुकानांत जाऊन मशीनवर बसविलेली चोरटी झाकणे शोधून काढीत आहेत. त्यात सर्वाधिक झळ बसते ती सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर जगणाऱ्या गरिबांना, कारण त्या कार्डांपैकी बहुतेकांना चीपच नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला मदत जमा होते आणि बाई दुकानात पोहोचेपर्यंत कार्ड रिकामे. अशी चोरलेली मदत केंद्राच्या पैशातून भरून देण्याची सोय होती, तीही २० डिसेंबर २०२४ नंतरच्या चोऱ्यांसाठी संपली.

सेलेझ्न्योव्हने २७ वर्षांची शिक्षा पुरी भोगली नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिका, रशिया आणि इतर काही देशांत कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. रशियाला परत मिळालेल्या आठ जणांत तोही होता.